नदीच्या वाटेने इंदूर पाहावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की इंदूर शहरात वारसाफेऱ्या, पक्षीनिरीक्षण आणि झाडांची ओळख अशा उपक्रमांना सुरुवात होते. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन आणि १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन, या तारखांच्या आसपास तर एकाच रविवारी दोन-तीन ठिकाणची आमंत्रणे येतात. लोक मुलाबाळांसह येतात, निवृत्त मंडळी येतात, महाविद्यालयांतले तरुण येतात. या उत्साहाचे मला मनापासून कौतुक वाटते, आणि तो वाया जाऊ नये म्हणूनच या उपक्रमांच्या आखणीविषयी काही विचार आपल्या वृत्तपत्रातून मांडू इच्छितो.

सध्या या उपक्रमांचे दोन वेगळे प्रवाह झाले आहेत. वारसाफेरी राजवाड्यापाशी सुरू होते आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या स्मारकवास्तूंवरून, गांधी हॉलपर्यंत जाऊन संपते. निसर्गप्रेमी मंडळी मात्र पहाटेच सिरपूरच्या तलावाकडे किंवा रालामंडळच्या टेकडीकडे निघून जातात. एका गटाला इमारतीचे साल आणि राजाचे नाव कळते, दुसऱ्या गटाला पक्ष्याचे नाव कळते, आणि शहराच्या मधोमध वाहणारी कान्ह नदी दोघांच्याही कार्यक्रमातून सुटते. वास्तविक इंदूरची जुनी वस्ती कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांच्या आधारानेच वाढली. होळकरांच्या छत्र्या नदीकाठी बांधल्या गेल्या, १८८६ मध्ये काम सुरू होऊन १९२१ मध्ये पूर्ण झालेला लालबागेचा राजवाडा नदीकाठीच उभा राहिला, आणि इंद्रेश्वराचे व पंढरीनाथाचे देऊळही याच जुन्या भागात आहे. असे असताना वास्तू पाहायच्या आणि नदीकडे पाठ करून उभे राहायचे, ही पद्धत मला पटत नाही.

मला अभिप्रेत असलेली फेरी राजवाड्यापासूनच निघावी, पण तिथे घाई करू नये. सात मजल्यांच्या या वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. जिथे दगड संपतो आणि लाकूड सुरू होते, तिथे लोकांची नजर वळवून १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेने शहरात केलेली लूट आणि जाळपोळ, तसेच १९८४ च्या दंगलीत वाड्याला लागलेली आग यांचा इतिहास सांगितला, तर त्या लाकडी मजल्यांचे मोल वेगळ्या रीतीने कळते. तेथून काही मिनिटांवर कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. छत्र्यांवरचे कोरीव काम पाहून झाले की सर्वांनी नदीच्या पात्राकडे वळावे आणि तिथे पुरेसा वेळ थांबावे. पाण्याचा रंग कोणता आहे, वास येतो का, काठावर कोणती झाडे तग धरून आहेत, त्यांवर खंड्या किंवा ढोकरी बसलेली दिसते का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे. २०२१ मध्ये इंदूर हे देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडणारे) शहर ठरले, आणि त्यासाठी नदी-नाल्यांना मिळणारी सांडपाण्याची असंख्य तोंडे बंद करावी लागली. ते काम किती झाले आणि किती उरले आहे, हे कागदावर वाचण्यापेक्षा काठावर उभे राहून अधिक स्पष्ट दिसते. हेच पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते आणि २०२८ मध्ये तिथे सिंहस्थाचे स्नान आहे, याची आठवणही तिथेच करून द्यावी.

या शहरात असा प्रयोग नवा नाही. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरच्या सुधारणेचा आराखडा करण्यासाठी पाचारण करण्यात आले होते, आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहर आधी पायी फिरून समजून घ्यायचे आणि मगच त्याला हात लावायचा, ही त्यांची रीत होती. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जेवढे अगदी आवश्यक असेल तेवढेच बदलावे, असा त्यांचा आग्रह असे. त्या काळी शहरावर प्लेगचे सावट होते. १९१७ च्या दिवाळीत गेडिस यांनी एक मोठी मिरवणूक आयोजित केली आणि तिचा मार्ग ठरवण्याची एक विलक्षण अट घातली. ज्या गल्ल्यांतील लोक आपली घरे आणि अंगणे सर्वांत जास्त झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवतील, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाणार होती. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिकृती होती, आणि शहर झाडणारे कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात सन्मानाने चालत होते.

मला यातील अट अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे मार्ग ठरवण्याचा अधिकार वस्तीकडे गेला. आजच्या फेऱ्यांचे मार्ग आयोजक ठरवतात, मार्गदर्शक बाहेरून येतो, आणि ज्या गल्लीतून सगळे जातात त्या गल्लीतील माणसे दारात उभी राहून पाहत राहतात. हे उलट व्हायला हवे. प्रत्येक मोहल्ल्याने वर्षातून एकदा आपला मार्ग स्वतः आखावा, आपल्याकडची जुनी विहीर, पार, वाडा, देऊळ, मशीद, मोठा वड किंवा चिंच निवडावी आणि इतर मोहल्ल्यांतील लोकांना बोलवावे. पाहुणे येणार म्हटल्यावर वस्ती त्या विहिरीतला कचरा स्वतःच काढेल आणि पाराभोवतीचे अतिक्रमणही स्वतःच हटवेल, असा मला विश्वास वाटतो.

सांगणारी माणसेही तिथलीच असावीत. इतिहासाच्या अभ्यासकाचे स्थान कोणी घेऊ शकत नाही, परंतु चाळीस वर्षे राजवाड्यासमोर दुकान चालवणाऱ्याने किंवा पंढरीनाथाच्या देवळात आषाढीला नेमाने येणाऱ्या आजींनी सांगितलेल्या गोष्टीला वेगळे वजन असते. आणि येथे मला आपल्या सफाई मित्रांचा आवर्जून उल्लेख करावासा वाटतो. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात इंदूर सातत्याने अग्रभागी राहिले, ते त्यांच्या श्रमांवर. उजाडण्यापूर्वी या शहराच्या गल्ल्या त्यांच्याइतक्या कोणी पाहत नाही. कोणत्या वळणावर पाणी तुंबते, कोणता जुना चौथरा ढासळू लागला आहे, कोणत्या झाडावर संध्याकाळी वटवाघळे येतात, हे त्यांना ठाऊक असते. १९१७ मध्ये ज्यांना मिरवणुकीत मानाने चालवले गेले, त्यांच्या वारसदारांना आज वारसाफेरीत बोलण्याचा मान आणि त्याचे योग्य मानधन मिळाले पाहिजे.

इंदूरला सामूहिकपणे चालण्याची सवय लावावी लागणार नाही, ती येथे आहेच. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर लोटणारा जनसागर आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या गिरणी कामगारांच्या झांक्या (सजवलेले फिरते देखावे) यांची ओळख कोणाही इंदूरकराला करून द्यावी लागत नाही. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत, हा या शहराचा अत्यंत मोठा सांस्कृतिक ठेवा आहे. १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद गिरणीच्या आवारात पुढच्या तीन दशकांत दाट झाडी वाढली. यंत्रांचा, मजुरांच्या जीवनाचा आणि आपोआप उगवून आलेल्या निसर्गाचा इतिहास जिथे एकत्र सापडतो, अशी जागा शहरात दुसरी क्वचितच असेल. तरीही आपल्या वारसाफेऱ्यांत राजघराण्याच्या वास्तू येतात, गिरण्या येत नाहीत. ही उणीव भरून निघावी आणि फेरीत बोलण्यासाठी जुने कामगार हयात आहेत तोवर ती भरून निघावी.

तलावांच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे थोडे निराळे आहे. सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरसह इंदूरला देशातील पहिल्या मान्यताप्राप्त पाणथळ शहरांमध्ये स्थान मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे, पण अभिमान व्यक्त करण्यासाठी शेकडो लोकांनी ध्वनिक्षेपक घेऊन तलावाच्या काठावर जमणे योग्य नाही. हिवाळ्यात दुरून आलेली थापट्या आणि तलवार बदके विश्रांतीसाठी आणि खाण्यासाठी येथे उतरतात. ती पुन्हा पुन्हा उडवली गेली, तर परतीच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती तिथेच खर्च होते. यशवंत सागर परिसर सारस क्रौंचांसाठी महत्त्वाचा मानला जातो, आणि सारस जमिनीलगत, पाणथळ गवतात किंवा शेतात घरटे करतो, म्हणून तिथे तर अधिकच जपून जायला हवे. लहान गट, ठरलेली पायवाट, बोलणे हळू आवाजात आणि ड्रोनला पूर्ण मनाई, एवढे नियम आयोजकांनी काटेकोरपणे पाळावेत. गर्दीला न्यायचेच असेल तर शहरातील बागा आणि रस्त्याकडेची जुनी झाडे आहेत. वड-पिंपळाखाली पन्नास माणसे उभी राहिली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

आपल्या मराठी समाजावर या कामात एक विशेष जबाबदारी आहे असे मला वाटते. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि आपल्यापैकी अनेकांची घराणी त्या दरबाराच्या आश्रयाने येथे रुजली. त्या दरबाराचे बरेचसे जुने कागद मोडी लिपीत आहेत आणि ती वाचणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. फेरीला जोडून एखाद्या वाचनालयात मोडीचा दोन तासांचा परिचय वर्ग घेता येईल, ज्यांच्या माळ्यावर जुने दस्त पडून आहेत त्यांना ते आणण्याचे आवाहन करता येईल. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली येथील चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन शिकले. त्या परंपरेचे स्मरण ठेवून मुलांना मोबाइलवर छायाचित्र काढण्याऐवजी छत्रीसमोर बसून तासभर रेखाटन करायला लावावे; हाताने रेषा काढताना कमानीचे वळण आणि फांदीचा कल जितका ध्यानात राहतो तितका एरवी राहत नाही. हे सर्व मराठीतून करावे, पण केवळ मराठी माणसांसाठी करू नये. शेजारी हिंदी, माळवी, उर्दू, सिंधी, गुजराती बोलणारे लोक राहतात, त्यांच्या आठवणींवाचून या शहराचा इतिहास अपुरा आहे.

आणखी एक गोष्ट. फेरी संपल्यावर समूहछायाचित्र निघते, टी-शर्ट वाटले जातात, पण पाहिलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही. त्याऐवजी प्रत्येक फेरीत दोन माणसांनी एक साधी वही ठेवावी. कोणत्या भिंतीला भेग गेली आहे, कोणते झाड सिमेंटने गळ्यापर्यंत आवळले आहे, कोणत्या पुलाखाली सांडपाणी सुटले आहे, कोणते पक्षी दिसले, हे तारखेसह लिहावे आणि त्याची प्रत त्या भागाच्या नगरसेवकाला व संबंधित खात्याला द्यावी. पुढच्या वर्षी त्याच वाटेने जाताना वही सोबत न्यावी.

आपण दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंकातील एक चौकोन या कामासाठी राखून ठेवावा, अशी माझी आपणास विनंती आहे. त्यात येत्या रविवारी कोणत्या मोहल्ल्याने कोणता मार्ग आखला आहे आणि मागील महिन्याच्या वहीतील किती तक्रारींची दखल घेतली गेली, एवढेच छापावे. पहिला मार्ग राजवाड्यापासून छत्र्यांपर्यंत आणि तेथून नदीच्या काठाने पंढरीनाथाकडे असावा. तो आखण्यासाठी आमच्या भागातील काही वाचक तयार आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर