मॅग्नेशियमच्या क्रँककेसवर कबूल केलेले संरक्षक लेपन न केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचे, दोन्ही भाग मी साफसफाई आणि संरक्षक लेपनासाठी आपल्या कारखान्यात दिले होते. ते मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहेत आणि गाडी रत्नागिरीत समुद्रालगत राहणार आहे, हे मी ऑर्डर देतानाच लेखी कळवले होते. आपल्या कोटेशनमध्ये क्रोमेट प्रक्रिया (गंजरोधक रासायनिक थर) व तिच्यावर इपॉक्सी प्रायमर असे स्पष्ट नमूद असून बिलही तेवढ्याच कामाचे घेतले आहे. प्रत्यक्षात भाग चकचकीत, पण पूर्णपणे उघडे परत आले.

पावसाळी हवा लागताच स्टडभोवती (आटे असलेल्या दांड्यांभोवती) राखाडी-पांढरी भुकटी धरू लागली आणि ती पुसली तेव्हा खाली नखाला लागतील असे खड्डे दिसले. त्याहून गंभीर म्हणजे सपाट भागावर तांबूस ठिपके उमटले आहेत. मॅग्नेशियमला तांबूस गंज चढत नाही. तो लोखंडाचा आहे, आणि ब्लास्टिंग, म्हणजे वेगाने कण मारून केलेली साफसफाई, पोलादी ग्रिटने (कणांनी) केल्याचे आपल्या पर्यवेक्षकांनी फोनवर मान्यही केले आहे. मॅग्नेशियमचे प्रमाण विभव (धातू किती सहज झिजू शकतो याचे विद्युत माप; जितके उणे तितके सहज) उणे २.३७ व्होल्ट, तर लोखंडाचे उणे ०.४४ व्होल्ट असल्यामुळे खारट ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते मॅग्नेशियमच. पृष्ठभागात रुतलेला पोलादाचा प्रत्येक कण आता हेच करीत आहे. हे काम काचेच्या मण्यांनी करायला हवे होते, ही या धंद्यातली प्राथमिक गोष्ट आहे.

‘मॅग्नेशियम दमट हवेत खराब होणारच’ हे आपले उत्तर मला मान्य नाही. ते खराब होते म्हणूनच तर लेपनाचे पैसे मोजले. या इंजिनात क्रँककेसचे दोन भाग गॅस्केटशिवाय, केवळ सीलंटच्या पातळ थरावर एकमेकांवर बसतात आणि मेन बेअरिंगची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगची) घरेही त्याच जोडावर आहेत. तिथे खड्डे पडले तर तेल गळणार, आणि असा क्रँककेस पुन्हा मिळवणे किती कठीण आहे हे आपण जाणताच.

तरी जोडाच्या पृष्ठभागाची आणि बेअरिंगच्या घरांची त्रयस्थ मशीन शॉपकडून आपल्या खर्चाने मोजणी करून घ्यावी. भाग वापरण्यायोग्य ठरल्यास रुतलेले लोखंड काढून, अल्कलीने धुऊन, पूर्ण वाळवून ठरलेले लेपन करावे. जोड व घरे मात्र झाकून ठेवावीत. पोलादी बोल्टखाली अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर द्यावेत. भाग निकामी ठरल्यास बिलाची रक्कम आणि क्रँककेसची किंमत परत करावी.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. कोटेशन, बिल आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी