आण्णांच्या कोरण्या

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा गणपती साताऱ्याहून तयारच आणू, आता आण्णा नाहीत." मी नुसतं बरं म्हटलं. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला गेले तर रडू येईल.

आण्णा १९६७ साली बेळगावला भरती झाले आणि १९९५ला सुभेदार होऊन घरी आले. ज्या गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलेलं, तिथे याचं कुणाला नवल नाही. वर्षश्राद्धालाही सगळे त्यांच्या लढाईचंच बोलत होते. मला मात्र त्यांच्या नखांत अडकलेला शाडू आठवत होता.

शाळेत असताना मी त्यांना १० डिसेंबर १९७१च्या रात्रीबद्दल विचारलं होतं. त्यांच्या जंगी पलटणीने, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या मागची वाट अडवली होती आणि ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीचे जवान अंधारात तिथूनच निसटू पाहत होते, एवढं सांगून ते गप्प झाले. मग ब्रह्मपुत्रेच्या मातीबद्दल अर्धा तास बोलले. बुटाला चिकटलेला गाळ त्यांनी बोटांत चुरडून पाहिला होता. "लोण्यासारखी गं पोरी. पण वाळू घातल्याशिवाय उभी राहायची नाही." मला गोळीबाराची गोष्ट हवी होती, मी हिरमुसले. त्या रात्रीतून त्यांनी आपल्यासाठी काय वेचून आणलं होतं, ते आता कळतंय.

आई, तुझ्या डब्यातली त्यांची आंतर्देशीय पत्रं मी दिवाळीत पुन्हा वाचली. ५६ एपीओ या लष्करी टपालाचा शिक्का, चार ओळी खुशालीच्या, आणि दुमडीवर सोंडेची चित्रं. बदली झाली की आधी माती शोधायची, मग पलटणीच्या मंदिरासाठी गणपती घडवायचा. राजस्थानात मनाजोगती मिळेना, तर रजेवरून परतताना ट्रंकेत घरचा शाडू घालून नेला. काकूने दिलेले लाडू हातातल्या पिशवीत!

पेन्शनीत आल्यावर पडवी त्यांचीच झाली. कापूस घालून माती मळायची, ओल्या फडक्याखाली ठेवायची, मूर्ती सावलीतच वाळवायची. उन्हात ठेवलेल्या मूर्तीला तडा जातो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पेटीही वाजवायचे, भजनात सुरेख साथ करायचे, पण जीव होता तो या मातीत. डोळ्यांची आखणी पहाटे. तेव्हा घरात कुणी भांडंही वाजवायचं नाही.

शेवटच्या गणपतीला त्यांचा हात फार थरथरत होता. उजवा डोळा त्यांनी आखला आणि कुंचला माझ्या हातात दिला. "डावा तू कर." माझी रेघ किंचित खाली आली. मी पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. बघतोय ना तो?" तुम्ही दोघं तेव्हा स्वयंपाकघरात होतात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबा, त्यांच्या कोरण्या कुणाला देऊ नका. मी रजा टाकली आहे, नागपंचमीच्या आधी येते. शाडूचं पोतं माळ्यावर आहे. तुम्ही चढू नका, गुडघे सांभाळा, मी आल्यावर काढेन. आई, जुन्या सुती साडीची दोन फडकी तेवढी धुऊन ठेव. मूर्ती लहान होईल, कदाचित सोंडही नीट जमणार नाही. डोळे या वेळी दोन्ही मीच आखेन.

तुमची लेक