जॅकचा दांडा आणि खाडीचा गाळ

घणसोली, नवी मुंबई
२९ मे

प्रिय पक्या,

तुझा फोन आला तेव्हा मी लोडरच्या बकेटच्या, म्हणजे माती उचलायच्या सुपाच्या, शेजारी बसलो होतो. शेजारी, खाली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवून तुला दोन महिने झालेत आणि एव्हाना बकेट वर करून खालून माती खरवडायची खोड तुला नक्की लागली असणार. ती सोड. बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर आणि लिव्हर चारही बाजूंना हलव, म्हणजे पाइपात कोंडलेलं प्रेशर उतरतं. मग हात लाव.

पावसाळ्याआधी लोडर कसा धुवायचा, असं विचारलंस. धुणं सोपं आहे रे. धुऊन झालं की माणूस चहाला जातो, तिथे वाट लागते.

माझंच बघ. गेल्या वर्षी नालेसफाईचं काम मिळालं होतं, काठावर सुकलेला गाळ डंपरात भरायचं. आमच्याकडचा गाळ म्हणजे तुमच्या ओढ्यातली पोयटा माती नव्हे, त्यात भरतीचं खारं पाणी मुरलेलं असतं. शेवटच्या दिवशी पावसाने गाठलं. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी लावला. बकेट खाली ठेवली तर स्कूटरवाल्यांना वाट राहीना, म्हणून बूम, म्हणजे बकेट उचलणारे लोखंडी हात, वर करून ठेवली आणि आठ दिवस तिकडे बघितलंही नाही. खालून शाळेची पोरं जात होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बूम वर म्हणजे जॅकचा, तेलाच्या प्रेशरने बूम उचलणाऱ्या नळकांड्याचा, चकचकीत दांडा पूर्ण बाहेर. त्यावर क्रोमचा पातळ थर असतो. खाऱ्या चिखलाचे शिंतोडे तसेच राहिले आणि मिठाने क्रोम पोखरून आत गंज धरला. मोहरीपेक्षा बारीक खड्डे, नख फिरवलं तरच लागायचे. पण दांडा आतबाहेर होताना प्रत्येक खड्डा सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यावर, कानशीसारखा घासतो. दिवाळीपर्यंत दोनदा सील किट बदललं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तेल गळायला लागलं. शेवटी दांडाच नवा टाकला. आठ दिवसांच्या आळसाची किंमत तुला सांगत नाही, बायकोलाही खरी सांगितलेली नाही.

आता मी आधी कोरडी माती लाकडी पट्टीने काढतो, बकेटच्या कोपऱ्यांतली खास करून. निम्मं पाणी तिथेच वाचतं. आमच्या बोअरिंगचं पाणी मचूळ, ते लोडरला अजिबात लावत नाही. नळाला मोरबे धरणाचं गोडं पाणी येतं, त्याचेच दोन ड्रम भरून ठेवतो. प्रेशर वॉशर बकेटवर आणि बूमवर खुशाल मार, पण जॅकच्या तोंडावर, सांध्यांच्या पिनांवर, वायरिंगच्या जोडांवर आणि रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नकोस. सीलमागे घुसलेलं पाणी बाहेर येत नाही. दांडा मात्र ओल्या फडक्याने हातानेच पूस. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर तर नकोच. कोरडा झाला की ग्रीसचा पातळ हात फिरव. ट्रॅक्टर उभा करताना दांडे होता होईल तेवढे आत.

आणि मग चहाला न जाता ग्रीस गन घ्यायची. एकेका निप्पलमध्ये, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडात, इतकं ग्रीस मार की पिनेच्या कडेने जुनं काळं ग्रीस आणि पाणी बाहेर पडून नवं दिसायला लागेल. लोडर चार वेळा वरखाली कर, पुन्हा मार. एरवी आठ-दहा तास काम झालं की एकदा, चिखलात असशील तर रोज संध्याकाळी. ग्रीस घेत नसलेलं निप्पल तसंच सोडायचं नाही, पाना लावून काढ आणि नवं बसव. चहाच्या पैशात येतं.

पाइप गळतोय असं वाटलं तर हात फिरवून शोधू नकोस, पुठ्ठ्याचा तुकडा धर. सुईएवढ्या भोकातून सुटलेलं तेल कातडी फोडून आत जातं. टोचल्यासारखंच दिसतं, पण ऑपरेशनची पाळी येते. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदलून टाक. कुठलं घालायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघ. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, त्यामुळे दुकानदार देईल ते ओतू नकोस.

काका म्हणतात तसं जळकं ऑइल फवारायचं का? माझं मत, नको. पाइपांचं बाहेरचं रबर त्याने खराब होऊ शकतं. शिवाय आमचा नाला सरळ ठाण्याच्या खाडीत जातो, जिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही. नालेसफाईचे पैसे घ्यायचे आणि त्याच नाल्यात ऑइल सोडायचं, हे मला जमत नाही.

बकेटच्या कोपऱ्याला चीर गेलीय म्हणालास. वेल्डिंगवाला आला की आधी बॅटरीच्या वायरी काढ आणि अर्थिंगचा चिमटा चिरेच्या अगदी जवळ, बकेटलाच लावायला सांग. त्याने आळसाने चेसिसला लावला तर करंट पिना आणि जॅकमधून फिरेल.

तुझ्याकडे एवढं मोठं अंगण आहे, बकेट टेकवून ठेवायला कुणाच्या स्कूटरची अडचण नाही. आज उजेड आहे तोवर दांड्यांवरून नख फिरवून बघ. काही लागलं तर फोटो पाठव, आणि बकेटचा नको, दांड्याचा पाठव. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
दिन्या