गाण्याच्या पुस्तकातला कागद

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

सलाम.

गेल्या महिन्यात घरी आले होते, तेव्हा रात्रीच्या प्रार्थनेला गाणं काढायला म्हणून मी उपासना संगीत उघडलं आणि त्यातून एक कागद घसरला. गुलाबी चौकड्यांचा, चार घड्या घातलेला. ईसीजी. वर बाबांचं नाव, तारीख 14 जून. त्याच रात्री मी फोन केला होता, आणि आई, तू म्हणाली होतीस, "बाबा व्हय? रंकाळ्याला फिरायला गेल्यात." मी म्हटलं, एवढ्या पावसात? तर तू म्हणालीस, "छत्री घेतलीया." छत्रीसुद्धा दिलीस त्यांच्या हातात! आणि बाबा तेव्हा दवाखान्यात आडवे, छातीला तारा लावलेले.

मी कागद परत ठेवला, गाणं म्हटलं, जेवले, सकाळी पुण्याची एसटी धरली. याकोबाच्या पत्रात आहे ना, ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद असावं. मी तीन आठवडे धीमी राहिले. राग मात्र मंद नव्हता, तो कुकरसारखा आत शिजत होता. परवा फोनवर शेवटी शिट्टी झालीच. त्याबद्दल आधी माफ करा. त्या आवाजात बोलायला नको होतं.

पण आई, तू जे उत्तर दिलंस त्यावर मी अजून हसते आहे. "निर्गमाच्या पुस्तकात सुइणी फारोशी खोटं बोलल्या न्हाईत व्हय? इब्री बायका आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात म्हणाल्या. आणि देवानं त्यांचं बरंच केलं की." इब्री मुलगे जन्मताच मारा हा फारोचा हुकूम न पाळणाऱ्या त्या शिप्रा आणि पुवा, दोघींची नावंही तुला पाठ. चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतलेल्या बाईशी कोण वाद घालणार? तरी घालते. जुना ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन या प्रश्नावर फार कडक होता. इ. स. 395च्या सुमाराला त्याने खोटं बोलण्यावर एक ग्रंथ लिहिला, पुढे म्हातारपणी आणखी एक. जीव वाचवायलाही खोटं चालणार नाही असं त्याचं म्हणणं. सुइणींबद्दल तो म्हणतो, देवाने बक्षीस दिलं ते त्यांच्या दयेला, लबाडीला नाही. मला तो जरा जास्तच ताणतो असं वाटतं. दारात फारोचे शिपाई उभे असते तर मीही त्या सुइणींसारखंच काहीतरी ठोकून दिलं असतं. पण आई, मी फारो नाही गं. मी तुमची पोर आहे. माझ्यापासून कुणाचा जीव वाचवायचा होता?

तुझी दया मला कळते. पोर लांब, एकटी, रात्री गाडी पकडून धावत येईल. हे सगळं खरं. तू म्हणालीस, आपलं बोलणं मिठाने रुचकर असावं असं पौल लिहितो. पण मीठ घालायला आधी पातेल्यात काहीतरी पाहिजे की. नुसत्या मिठाचा पांढरा रस्सा होत नाही.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तुम्ही फोनजवळच बसला होता, मला ठाऊक आहे.

मी दहा वर्षांची असेन. मार्केट यार्डात तुमच्या अडतीच्या दुकानात डबा घेऊन आले होते. पन्हाळ्याकडचा एक शेतकरी रवे घेऊन आला होता, गूळ पिवळाजर्द, केशर घातल्यासारखा. तुम्ही एक खडा फोडलात, बोटात चुरगाळलात, जिभेवर ठेवलात आणि काहीच बोलला नाहीत. सौद्याला दहा-बारा माणसं उभी होती. तुम्ही त्याला बाजूला चहाला नेलंत, मीही मागोमाग. तुम्ही विचारलंत, "घरच्या पोरांस्नी ह्योच गूळ घालतासा व्हय?" तो बशीकडे बघत म्हणाला, "न्हाई. घरला वायला काढतो. भेंडीच्या पाण्याचा." बास. गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात त्या हायड्रॉस पावडरचं नाव तुम्ही काढलंच नाहीत, त्याचं त्यानेच काढलं. मग त्याला सांगूनच तुम्ही व्यापाऱ्यालाही कळवलंत, भाव पडला. पुढच्या हंगामात तो तांबूस, काळपट गूळ घेऊन आला, पण तुमच्याच काट्यावर आला.

त्या दिवशी सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून तुम्ही मला नाथान संदेष्ट्याची गोष्ट सांगितलीत. दाविदाला सरळ दोषी न म्हणता त्याने आधी श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली, राजाला राग येऊ दिला, आणि मगच म्हणाला, तो माणूस तूच. मला तेव्हा कोकरीचंच वाईट वाटलं होतं. आता वाटतं ते असं की, नाथानाने शेवटचं वाक्य गिळलं नाही. आपल्या घरात आपण गोष्ट फार छान सांगतो आणि शेवटचं वाक्य गिळतो. "बरं हाय, काळजी करू नकोस." बाहेरच्या काट्यावर खरा गूळ आणि घरी मात्र हायड्रॉस, असं कसं बाबा?

हे लिहिताना हात थांबला, कारण माझाही खडा फोडायचा आहे.

आई, तू दर रविवारी विचारतेस, चर्चला गेलीस का? मी म्हणते, होय. इतकी वर्षं पुण्यात राहून सगळ्यांशी "हो" म्हणते, पण तुझ्याशी अजून "होय". गेले सात महिने ते होय खोटं आहे. आधी घर बदलल्यामुळे लांब पडायचं. मग सवय मोडली. मग एकदा गेले तर प्रार्थनेत उभी राहून मला एक शब्द सुचेना, आणि त्यानंतर गेलेच नाही. "होय तर होय, नाही तर नाही" हे मला पाच वर्षांची असताना तूच पाठ करून घेतलं होतंस. आजही गेले नाही. आज हे पत्र लिहीत बसले.

तुला वाईट वाटेल. रडशीलही. तरी पाळक साहेबांना लगेच फोन करू नकोस, आधी मला कर.

आणि बाबांच्या गोळ्यांची नावं, कुठली कधी घ्यायची, डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावलंय, हे सगळं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव. पुढच्या तपासणीला मी येणार आहे, रजा टाकली आहे. बाबांना "उगीच कशाला" म्हणू देऊ नकोस.

ईसीजीचा कागद मी हलवलेला नाही. ज्या गाण्यात होता तिथेच आहे. येताना फाईल आणते, तोपर्यंत राहू दे.

तुमची,
बेबी