जंताची गोळी आणि त्यानंतरचे सहा महिने : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : शहरी वस्त्यांतील मुलांमधील जंतसंसर्ग, आणि जंतनाशक मोहिमेला शौचालय व पाणी यांची जोड देण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी कळव्यात राहते आणि ठाण्यातील एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली एकोणीस वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, जवळच्या वस्तीतील एक बाई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात जामची रिकामी बाटली होती आणि बाटलीतल्या पाण्यात वीतभर लांबीचा, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला जंत होता. मुलीच्या शौचातून तो सकाळी पडला होता. बाटली काउंटरवर ठेवून त्यांनी विचारले, "ताई, फेब्रुवारीत अंगणवाडीत गोळी चघळली होती हिने, माझ्या डोळ्यांसमोर. मग हा आला कुठून?" मागे रांग होती, म्हणून मी त्यांना दोन वाक्यांत काहीतरी सांगून डॉक्टरांकडे पाठवले. त्या प्रश्नाचे पुरे उत्तर मला आपल्यापुढे मांडायचे आहे, कारण त्यातला मोठा भाग त्या माउलीच्या हातात नाही.

फेब्रुवारीतल्या गोळीने तिचे काम चोख केले होते. अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाची 400 मिलिग्रॅमची एक मात्रा त्या दिवशी आतड्यात असलेल्या गोल जंतांना बहुतेक वेळा पुरी पडते. पण ती पुढच्या जंतांना अडवत नाही आणि मातीतल्या अंड्यांपर्यंत तर पोहोचतच नाही. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती अंडी शौचावाटे बाहेर पडतात, ओलसर सावलीच्या मातीत दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात आणि पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षेही, तशीच टिकून राहतात. खेळताना ती मुलाच्या नखांत जातात आणि नखांतून तोंडात. पोटात फुटलेली अळी रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून श्वासनलिकेने घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात पूर्ण वाढते. या साऱ्या प्रवासाला दोन ते तीन महिने लागतात. जुलैत बाटलीत आलेला जंत बहुधा फेब्रुवारीनंतर पोटात गेलेल्या अंड्याचा होता, हे त्या आईला सांगायला हवे होते.

स्लाइडवर हे अंडे मी आजवर किती वेळा पाहिले असेल, त्याची मोजदाद नाही. पित्ताने तपकिरी झालेले, वरून खडबडीत जाड कवचाचे, एखाद्या वाळक्या बीसारखे ते दिसते. त्याच्या शेजारी कधी चाबूककृमी या आतड्यातल्याच दुसऱ्या जंताचे अंडे असते, दोन्ही तोंडांना बूच बसवलेल्या इवल्या पखवाजासारखे. या चाबूककृमीवर एका मात्रेचा परिणाम बऱ्याचदा अपुरा पडतो. एकाच मुलाच्या नमुन्यात दोन्ही अंडी दिसली की मला त्या मुलापेक्षा ते खेळते ती जागा आधी आठवते.

घराघरांत अजूनही ऐकू येते की गोड खाल्ल्याने जंत होतात. या समजुतीने फार नुकसान केले आहे, कारण आई मुलाचा गूळ बंद करते आणि हात धुण्याकडे लक्ष जात नाही. जंत साखरेतून जन्माला येत नाहीत. कुणाच्या तरी शौचातील अंडे तोंडात गेल्याखेरीज गोल जंत होत नाही. दुसरी समजूत त्याहून घातक आहे, ती म्हणजे लहान मुलाची शी म्हणजे काही घाण नव्हे. प्रत्यक्षात गोल जंत आणि चाबूककृमी यांचा सर्वाधिक भार मुलांच्याच पोटात असतो, म्हणजे मातीत सर्वाधिक अंडीही तीच सोडतात.

आता त्या मुलीच्या वस्तीतील सार्वजनिक शौचालयाचे सांगते. चौकशी करायची म्हणून मी एका रविवारी तिथे गेले होते. बायकांच्या बाजूला दहा खण, त्यांतील तीन बंद. भांडी मोठ्या माणसांच्या मापाची, आत दिवा नाही, आणि नळाला पाणी सकाळचे काही तास. साडेचार वर्षांचे मूल त्या भांड्यावर दोन पाय टाकून बसूच शकत नाही, घसरून आत पडेन असे त्याला वाटते, आणि ही भीती अगदी खरी आहे. म्हणून आया मुलांना बाहेरच्या गटाराच्या काठावर बसवतात. त्या काठापासून चार पावलांवर मुले गोट्या खेळत होती. पाऊस लागला की गटार तुंबते आणि तेच पाणी त्या अंगणभर पसरते. तिथे एकही बेसिन नव्हते, साबण तर दूरच. त्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या जागी मीही मुलाला तिथेच बसवले असते.

अंकुशकृमीला, ज्याला आम्ही लॅबमध्ये हूकवर्म म्हणतो, तोंडाची वाटही लागत नाही. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि मोठा झालेला कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. एकेक कृमी दिवसाला थोडेसेच घेतो, जातीनुसार 0.03 ते 0.2 मिलिलिटर, पण शंभर कृमी असले की महिन्याकाठी किती रक्त जाते, याचा हिशेब कुणीही करू शकेल. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या बायकांना आपण लोहाच्या गोळ्या देतो. त्यांतील कितीजणींची शौचतपासणी होते? आमच्याकडे तरी अशी चिठ्ठी क्वचित येते. घोडबंदर रोडच्या बांधकामांवर आणि नवी मुंबईच्या खाणपट्ट्यात अनवाणी राबणाऱ्या स्त्रियांना हा धोका रोजचाच आहे.

कोबीतली अळी मेंदूत जाते, ही भीतीही लोक मला बोलून दाखवतात. कोबीवर दिसणाऱ्या अळीचा त्यात काही संबंध नाही. ज्या माणसाच्या पोटात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी (टेपवर्म) आहे, त्याच्या शौचातील अंडी सांडपाण्यावाटे भाजीवर येतात आणि ती पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. यातून कडक शाकाहारी माणूसही सुटत नाही. नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आपल्या शहरांत विकला जातो, म्हणून हा प्रश्न इमारतीत राहणाऱ्यांचाही आहे.

वयस्कर वाचकांना नारू आठवत असेल. पायातून बाहेर डोकावणारा दोऱ्यासारखा जंत काडीला गुंडाळून दिवसेंदिवस हळूहळू ओढून काढावा लागे. नारूवर औषध नव्हते आणि लसही नव्हती. 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आपला महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसले, पाणी फडक्याने गाळून प्यायला घरोघरी शिकवले गेले. देशातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. गोळीशिवाय एक जंत देशातून गेला. आज आपल्या हाती गोळी असूनही दुसरे जंत जात नाहीत, कारण 2015 पासून 10 फेब्रुवारीला सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मागे तसे पाण्याचे आणि शौचालयाचे काम उभे राहिलेले नाही. गोळी बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या दिवशी अंगणवाडी सेविका आणि आशाताई उन्हातान्हात फिरून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ती देतात, त्या दिवसाबद्दल मला आदर आहे.

शौचालये, पाणी आणि अंगणवाड्या ही सारी खाती आपल्याकडे नाहीत, याची मला जाणीव आहे. तरी त्या विभागांना एका टेबलाशी बसवणे आपल्यालाच शक्य आहे. वस्तीतील प्रत्येक सार्वजनिक शौचालयात मुलांच्या मापाची दोन भांडी, दिवा आणि मुलाच्या हाताला पोहोचेल असा साबणासह नळ असावा, ही माझी पहिली विनंती आहे. शाळा आणि अंगणवाडीच्या पटावर नसलेल्या मुलांसाठी, म्हणजे बांधकामांवरच्या आणि खाणींवरच्या मुलांसाठी, गोळी घेऊन त्यांच्या झोपडीपर्यंत जाण्याची जबाबदारी प्रत्येक प्रभागात कुणाच्या तरी नावावर असावी. आणि गोळीवाटपाच्या फेरीच्या आधी व चार महिन्यांनंतर, काही वस्त्यांतील मुलांची शौचतपासणी करून तिचे आकडे प्रभागवार जाहीर करावेत, कारण किती गोळ्या वाटल्या यावरून किती मुले जंतमुक्त राहिली हे कळत नाही.

या तपासणीला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक सूक्ष्मदर्शक, स्लाइड, सलाइन, आयोडीन आणि सरावलेला डोळा एवढे पुरते. गोळीवाटपाच्या ऑगस्टमधील फेरीपूर्वी ठाण्यात अशी तपासणी ठरल्यास मी आणि माझ्या दोन सहकारी रविवारी विनामोबदला स्लाइड वाचायला येऊ. सुरुवात त्या दहा खणांच्या शौचालयाजवळच्या वस्तीतून करता येईल. तिथल्या आया नमुने द्यायला तयार आहेत, मी त्यांना विचारून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
कळवा, ठाणे