मंत्रीसाहेब, माझ्या पोराच्या अडकलेल्या पाढ्याला 41 हजार व्ह्यूज आहेत

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

पत्रबित्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा चौथीत आहे. बाईंनी त्याला फळ्यापुढे उभं करून सतराचा पाढा म्हणायला लावला, सतरा त्रिक एक्कावन्नपर्यंत गाडी नीट आली आणि चोकला अडकली. शर्टाचं बटण पिरगाळत पोरगं छताकडे बघत राहिलं. बाईंनी ते शूट केलं, मागे हसण्याचा आवाज लावला आणि रील टाकलं. मला कळलं कसं, तर नागपूरच्या नणंदेने फॉरवर्ड केलं, 'वहिनी, हा आपला छोटू ना?' म्हणून! आता बिल्डिंगमधली पोरं त्याला 'सतराचोक' अशीच हाक मारतात. खेळायला खाली जात नाही, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं.

मुख्याध्यापक म्हणाले, वरून गाईडलाईन नाही. वर खात्याच्या ऑफिसात गेले, तर तिथले साहेब म्हणाले आठ दिवसांत परिपत्रक काढतो. आज 47 वा दिवस, बहुतेक तुमच्याकडे आठवडा मोठा असतो.

बरं, नियम करता येत नाहीत असंही नाही. कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर सरकारवर टीका करू नये म्हणून 28 जुलै 2025 ला जीआर निघाला की! सरकारची अब्रू जपायला कागद आहे, नऊ वर्षांच्या पोराची जपायला नाही? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मानसिक छळाला बंदी आहे, ते काय फ्रेम करून लावायला?

आणि बाईंना तरी किती बोलू, फोटोची सवय लावली कोणी? 2016 मध्ये तुमच्याच खात्याने दहा-दहा पोरांसोबत सेल्फी काढून अपलोड करा असं फर्मान काढलं होतं, ओरडा झाला म्हणून थांबलं. राज्यात लाखभर शाळा आहेत म्हणे, दिवसाला पाच फोटो धरले तरी पाच लाख झाले, हे बघतं कोण? आमच्याकडे हात धुवा दिनाला पोरांच्या हाताला फेस लावून फोटो काढले आणि मग पुसायला फडकं दिलं, कारण नळाला पाणी नव्हतं. सगळा कारभारच असा, फोटो आला की काम झालं.

मला एवढंच हवंय, लेखी विचारल्याशिवाय पोरांचे व्हिडिओ नकोत, मार्क आणि फी बाकीच्या याद्या ग्रुपवर नकोत, आणि पालकाने सांगितलं की टाकलेला व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाका.

रील अजून तिथेच आहे. काल रात्री 41 हजार झाले होते, त्यातले पन्नासेक माझेच असतील.

एक आई, कल्याण