गच्चीवरील व्हेंट पाइपबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, जळगाव.

विषय : सदनिका क्र. ४०१ च्या सभासदांनी गच्चीवरील व्हेंट (हवेचा) पाइप विनापरवानगी कापून चुकीची फिटिंग्ज बसविल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

याच विषयावर मी दिवाळीपूर्वी लेखी अर्ज दिला होता व त्याची पोच सचिवांच्या सहीनिशी माझ्याजवळ आहे. त्यानंतर जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एकदा आपल्या घरी येऊनही मी आठवण करून दिली. प्रत्येक वेळी ‘बघू भाऊ, करू काहीतरी’ एवढेच ऐकायला मिळाल्याने आता सगळे सविस्तर लिहिणे भाग पडत आहे. शेजाऱ्याशी वाकडे घेण्याची माझी इच्छा कधीच नव्हती व आजही नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ४०१ च्या सभासदांनी भरीत पार्ट्यांसाठी सामाईक गच्चीवर पत्र्याचे शेड उभारले. पत्रे टाकताना संडासाच्या उभ्या लाईनचा वर गेलेला ११० मि.मी.चा पाइप, म्हणजेच व्हेंट, आड आला, म्हणून तो करवतीने कापला गेला. पुढे रिड्यूसर (मोठ्या पाइपाला बारीक पाइप जोडणारा जोड) लावून ६३ मि.मी.चा, त्यांच्या रावेरकडील केळीच्या शेतात उरलेला पाइप जोडला, त्याला पाण्याच्या लाईनचे दोन एल्बो (काटकोनी जोड) देऊन तो पत्र्याखालून आडवा फिरवला आणि त्याचे तोंड जिन्याच्या खिडकीपासून हातभर अंतरावर सोडले. वर कौल (पाइपाच्या तोंडावरची जाळीदार टोपी) नाही, नीट क्लॅम्प नाही. शिवाय पाहुण्यांना हात धुण्यासाठी एक बेसिन बसवून त्याचे पाणी, मध्ये ट्रॅप (पाणी साठवून गटाराचा वास अडवणारे वळण) न देता, त्याच पाइपात सोडले आहे. हे मी ऐकीव सांगत नाही, फोटो सोबत जोडले आहेत.

आपण म्हणालात की वरचा पाइप फक्त वास जाण्यासाठी असतो, त्यामुळे तो थोडा बारीक झाला तरी बिघडत नाही. अध्यक्ष महोदय, तसे नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत पडते, दुसरे पाडले की धार सरळ लागते. व्हेंट हे ते दुसरे भोक आहे. आपल्या इमारतीत हवेसाठी वेगळी नळी नाही, एकाच उभ्या लाईनवर सगळा भार आहे. वरून फ्लशचे पाणी उतरते तेव्हा त्याच्या मागे हवा ओढली जाते आणि पुढे हवा दाबली जाते. मागची हवा वरून मिळाली नाही, तर लाईन आमच्या ट्रॅपमधले पाणी ओढून घेते. ६३ मि.मी.च्या तोंडाचे क्षेत्र ११० मि.मी.च्या जेमतेम एक तृतीयांश भरते आणि त्यात दोन काटकोनी वळणे आहेत.

४०१ मध्ये फ्लश झाला की माझ्या न्हाणीघरात गुळगुळ आवाज येतो. मी नहाणी ट्रॅपची जाळी उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिले आहे : पाणी आधी डुचमळते, मग खाली सरकते, आणि थोड्याच वेळात गटाराचा वास घरभर पसरतो. ट्रॅपमध्ये किमान ५० मि.मी. पाण्याचा थर राहिला पाहिजे. माझ्याकडे तो बोटाच्या एका पेरापुरताही उरत नाही. सचिव म्हणतात, उन्हाळ्यात ट्रॅप सुकतातच, तांब्याभर पाणी ओता. बंद घराचा ट्रॅप सुकतो हे मलाही मान्य आहे, पण ज्या न्हाणीत रोज पाच माणसे आंघोळ करतात तिथला ट्रॅप उन्हाने सुकत नसतो. १०१ मधील काकूंकडे याच्या उलट, संडासाच्या भांड्यात बुडबुडे येतात, आणि २०२ व ३०१ च्या सभासदांनीही वासाची तक्रार माझ्याजवळ केली आहे. सही देण्यास ते संकोचतात, इतकेच.

आता नियमांविषयी. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ९ मध्ये मलनिस्सारणाचे नियम आहेत. व्हेंटचे तोंड गच्चीच्या कठड्याच्या, तसेच तीन मीटरच्या आत असलेल्या खिडकीच्या वरच्या कडेच्या दीड मीटर वर असावे आणि त्यावर कौल असावा, अशी त्यामागची अपेक्षा आहे. पाइप आयएस (भारतीय मानक) १३५९२ चा आणि फिटिंग्ज आयएस १४७३५ ची असावीत, म्हणजे बाजारात ज्याला एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाच्या पाण्यासाठीचे) म्हणतात तीच. त्यांचे बेंड सावकाश वळणारे असतात व डोअर बेंडला साफसफाईसाठी झाकण असते. पाण्याच्या लाईनचा एल्बो ते काम करू शकत नाही. ज्या जळगावातून देशभर पाइप जातात, तिथे योग्य पाइप मिळाला नाही असे कोणी म्हणू नये.

आणखी एक बाब उन्हाची. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापमान ३० अंशांनी चढले की तीन मीटरचा यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप साधारण सहा मि.मी. लांबतो. त्यासाठीच रबर रिंगचे जोड असतात व सॉकेटमध्ये पाइप थोडा मागे ठेवतात. ४०१ च्या सभासदांनी सगळे सोल्यूशनने चिकटवले आहे. त्यातला एक जोड आताच उकललेला दिसतो. संस्थेने पाठविलेल्या प्लंबरने मात्र वर न जाता माझ्याच न्हाणीत ॲसिड ओतले, आणि त्याचे बिल दुरुस्ती निधीतून दिले गेले.

मध्यंतरी त्या सभासदांनी एकतर्फी हवेचा व्हॉल्व्ह बसवून विषय मिटवण्याचे सुचवले. तो व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, त्यामुळे लाईनला उघड्या आकाशाकडे एक तोंड लागतेच. हा पर्याय मला मान्य नाही.

सामाईक गच्ची व लाईनमध्ये समितीच्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हे उपविधी आपणच मला गॅलरीच्या ग्रिलच्या वेळी वाचून दाखवले होते. तेच ४०१ ला लागू करावेत, एवढीच माझी मागणी आहे. ११० मि.मी.चा एसडब्ल्यूआर पाइप पूर्ण व्यासाने, क्लॅम्प व कौलसह, पत्र्याच्या वर सरळ न्यावा; बेसिनचा जोड काढावा; खर्च ४०१ कडून घ्यावा. पत्रे मध्ये येत असतील तर तेवढा पत्रा कापावा, पाइप नव्हे.

येत्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन मला लेखी उत्तर द्यावे. पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास मी हेच पत्र फोटोंसह उपनिबंधक, सहकारी संस्था आणि महानगरपालिका यांच्याकडे देईन.

कळावे,

आपला विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ३०२

सोबत : गच्चीवरील पाइपचे फोटो, पूर्वीच्या अर्जाच्या पोचेची प्रत.
प्रत : मा. सचिव व मा. खजिनदार.